घरच्या घरी शिंपला-संगोपन : वर्धा जिल्ह्यातील नवशिक्यांसाठी नऊ पायऱ्या

हे मार्गदर्शन कोणासाठी

वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठही तालुक्यांतल्या होतकरू शिंपलापालकांसाठी हे लिहिलं आहे. यातल्या एका तालुक्याच्या नावात समुद्र आहे. पण तिथेही कपाशी आणि तूरच निघते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. शिक्षणाची अट नाही. वय कितीही चालेल. स्वभावात घाई मात्र नसावी. दोन वर्षांत कोट्यधीश व्हायचं ठरवून बसलेल्यांनी मधल्या पायऱ्या गाळून थेट ‘मोत्याचं काय?’ हा भाग वाचावा. तिथे त्यांच्यासाठी खास निराशा राखून ठेवली आहे.

लागणारं साहित्य

- गर्भार शिंपले, दोन-चार
- निरोगी मासे, शिंपल्यांपेक्षा जास्त
- सिमेंटची किंवा काचेची टाकी, हवा सोडणारा छोटा पंप
- बारीक जाळीची चाळणी आणि एक चांगलं भिंग
- नदी, एक, वाहती, शक्यतो रेतीसकट
- शेजाऱ्यांना सांगायला एखादं पटण्याजोगं कारण

पायरी १ : समुद्राचा नाद सोडा

कोकणच्या खाडीत कालवाचं पिलू वाढवणं तुलनेने सोपं. पिलू पहिले दोन-तीन आठवडे पाण्यात भटकतं. मग त्याला एक पाय फुटतो आणि त्या पायाने ते बसायला टणक जागा चाचपू लागतं. जागा पसंत पडली की डावी शिंप तिथे डकवून ते जन्माचं बसतं. पालकाने करायचं एवढंच, की नेमक्या दिवसांत त्याच्यापुढे पसंत पडेल असं काहीतरी टांगायचं. रिकाम्या शिंपल्यांच्या माळा चालतात, कौलं चालतात. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात कौलांना चुन्याचा लेप देऊन ती किनाऱ्यावर मांडू लागले. लेपामुळे पिलं नंतर न फुटता सुटून येत आणि मोकळ्या वाफ्यात लावता येत. आपल्याकडे तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही चुना लावलेल्या कौलांचा उपयोग केला.

वर्धेत कौलं आहेत. चुनाही आहे. कालव तेवढं साडेसातशे किलोमीटरवर राहिलं. टाकीत खडेमीठ विरघळवून समुद्र तयार करण्याचा विचार मनात आला असेल, तर तो तिथेच सोडावा. कालवाला मिठासोबत भरती-ओहोटी लागते, खाडीतलं सूक्ष्म शेवाळ लागतं, आणि यातलं काही किराणा दुकानात मिळत नाही.

आपल्या वाट्याला आला आहे तो गोड्या पाण्यातला शिंपला. तो बिऱ्हाड बदलू शकतो, चिखलात राहतो, मीठ मागत नाही. लेकरं वाढवायची त्याची रीत मात्र कालवापेक्षा फार गुंतागुंतीची आहे.

पायरी २ : शिंपला शोधा

धाम, बोर, यशोदा, वणा आणि खुद्द वर्धा, यांपैकी सोयीची नदी निवडा. जोरदार धारेत शोधू नका. वळणावर पाणी संथ होतं, तळाला रेती आणि गाळ मिसळलेला असतो, तिथे शिंपला बहुतांशी पुरलेला सापडतो. वर दिसतात फक्त दोन फटी. एकीतून पाणी आत जातं, दुसरीतून बाहेर पडतं. उथळ पाण्यातल्या रेतीवर कुणी काडी ओढत नेल्याची रेघ दिसली, तर तिच्या टोकाला शिंपला असण्याचा संभव असतो. लांबट, काळपट आणि तळहाताएवढा असेल तर तो बहुधा लॅमेलिडेन्स. लहान, गोलसर आणि पाठीवर सुरकुत्या असतील तर पॅरेसिया.

त्यापेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे भोई किंवा ढिवर समाजातल्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारणं. संवाद साधारण असा होईल :

“काय शोधून राहिले भाऊ?”

“शिंपले.”

“खाले?”

“नाही जी, पाळाले.”

समोरचा माणूस थोडा वेळ पाण्याकडे पाहील, मग अदबीने विचारेल, “म्हशी इकल्या वाट्टे?” इथे वाद घालू नये. तो जे ठिकाण दाखवेल तिथे जावं.

सूचना : बोरला २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. त्या हद्दीतून शिंपलाच काय, काडीही उचलायची नसते. वाघापेक्षा वनरक्षक लवकर भेटतो.

पायरी ३ : आई ओळखा

शिंपल्यातला नर आपलं बीज पाण्यात सोडून मोकळा होतो. मादी श्वासाच्या पाण्याबरोबर ते आत ओढते आणि अंडी तिच्या कल्ल्यांतच फळतात. पुढे पिलंही तिथेच वाढतात. म्हणजे श्वास घ्यायचा अवयव हाच तिचा पाळणा. पिलांची संख्या हजारांत, मोठ्या मादीत लाखांत जाते.

गर्भार मादीचे कल्ले फुगीर आणि जाड दिसतात. पाहण्यासाठी शिंपा बोथट चिमट्याने अगदी थोड्या, काही मिलिमीटर उघडाव्यात. जोर लावलात तर शिंपा मिटणारा स्नायू फाटतो आणि पुढे त्या शिंपल्याला स्वतःचं दार लावता येत नाही. बाळंतपणाचा महिना कॅलेंडरात शोधू नका. तो पाण्याच्या तपमानावर आणि जातीवर ठरतो. कल्ला पाहा, खात्री करा, मिटा, परत ठेवा.

पायरी ४ : मासा नेमा

पुस्तकं मिटून उद्योगाला लागलेले बहुतेक जण या पायरीवर अडतात. शिंपल्याचं पिलू पोहत नाही, बसत नाही, खातही नाही. त्याच्याजवळ दोन इवल्या शिंपा आणि त्या खटकन मिटणारा एक स्नायू, एवढीच मालमत्ता. आईने पाण्यात सोडलं, की ठरावीक अवधीत त्याला एखाद्या माशाचा कल्ला किंवा पर लागावा लागतो. लागला तर ते चिकटतं, माशाची त्वचा त्याच्यावर वाढते आणि त्या झाकणाखाली काही दिवस किंवा काही आठवडे राहून त्याच्या शरीराची घडण पूर्ण होते. मग ते गळून तळाला पडतं. नाही लागला, तर मरतं. तेव्हा शिंपल्याचं बालपण म्हणजे एसटीच्या टपावरचा विनातिकीट प्रवास, आणि गाडी कुठे थांबेल ते माशाच्या मर्जीवर. नदीच्या उतारावर शिंपले वरच्या अंगाला कसे पोहोचतात याचंही उत्तर हेच. मासा त्यांना वर नेतो.

ही भानगड शास्त्रज्ञांनाही लवकर उमगली नव्हती. १७९७ मध्ये राट्के या अभ्यासकाने शिंपल्याच्या कल्ल्यात ही पिलं पाहिली आणि शिंपल्याला लागलेला परजीवी म्हणून त्यांना स्वतंत्र नावही देऊन टाकलं. ही पिलं माशावर जाऊन बसतात, हे लायडिग यांनी १८६६ मध्ये दाखवेपर्यंत जवळजवळ सत्तर वर्षं गेली. त्यामुळे पहिल्या महिन्यात तुम्हाला काही समजलं नाही तर स्वतःला दोष देऊ नका.

मासा कुठला घ्यावा? काही जातींचे शिंपले कुठल्याही माशावर भागवतात, काहींना एक-दोनच जाती चालतात. अमेरिकेतला लॅम्पसिलिस नावाचा शिंपला आपल्या अंगाची कडा छोट्या माशाच्या आकारात हलवतो. बास मासा शिकार समजून तोंड घालतो आणि तोंडभर पिलं घेऊन परततो. आपल्याकडच्या नवशिक्याने एवढं लक्षात ठेवावं : ज्या पाण्यातली आई, त्याच पाण्यातला मासा. रोहू, कतला, मृगळ यांची बोटुकली मत्स्यबीज केंद्रावर सहज मिळतात म्हणून शिंपल्याला ती आवडतीलच असं नाही. थोड्यांवर करून पाहावं.

माशाची बाजू घेऊन कुणी हळहळत असेल तर त्याला बिटरलिंगची गोष्ट सांगावी. युरोप आणि पूर्व आशियातला हा मासा आपली अंडी जिवंत शिंपल्याच्या कल्ल्यांत घालतो आणि पिलं पोहण्याजोगी होईपर्यंत तिथेच ठेवतो. दोन्ही घरांचा हिशेब बराच जुना आहे.

पायरी ५ : गाठ घालून द्या

एका घमेल्यात थोडं नदीचं पाणी घ्या. त्यात आईने सोडलेली पिलं असावीत. मासे अलगद सोडा आणि पंपाने हवा द्या, म्हणजे पिलं तळाला न बसता पाण्यात फिरत राहतील. काही मिनिटं पुरतात. लोभ करून तासभर ठेवाल तर कल्ल्यांवर इतकी गर्दी होईल की मासाच गुदमरेल, आणि मासा मेला की पिलंही मेली.

मग मासे स्वच्छ टाकीत हलवा. तळाला रेती घालू नका. पडलेलं पिलू त्यात तुम्हाला सापडणार नाही. पाणी कोमट असेल तर मुक्काम लवकर संपतो, गार असेल तर लांबतो. रोज नळीने तळाचं पाणी ओढून चाळणीतून गाळा आणि गाळ भिंगाखाली धरा. पहिले अनेक दिवस माशाची विष्ठाच दिसेल. पाहत राहा.

एकदा पिलं वाहिलेला मासा पुन्हा लगेच कामाला घेऊ नये. त्याच्या शरीरात प्रतिकारशक्ती तयार होते आणि पुढची पिलं तो मुदतीआधीच झटकून टाकतो. अनुभवी उमेदवार नको, अशी अट असलेलं हे जिल्ह्यातलं एकमेव पद असावं.

पायरी ६ : तळाला पडलेल्या बाळाची निगा

हे बाळ मिलिमीटरच्या पाव भागाएवढं असतं. १९३७ साली वर्धेच्या शिक्षण परिषदेने लेकरांना हातांनी काम करत शिकू द्यावं असा आग्रह धरला आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. आपल्या विद्यार्थ्याला हात नाहीत. एकच पाय आहे. त्या पायाने तो बारीक गाळात शिरतो आणि पायानेच अन्नकण तोंडाकडे ओढून खातो. पाणी गाळून जेवायची मोठ्यांची रीत त्याला पुढे जमते. म्हणून त्याला हवा खेळणारा बारीक रेती-गाळाचा पातळ थर आणि सूक्ष्म हिरवं शेवाळ द्यावं.

आता वर्जित पदार्थ. नळाचं क्लोरीनचं पाणी नको. कुजणाऱ्या खाद्यातून निघणारा अमोनिया नको. मासे तग धरतात तिथे ही बाळं मरतात. आणि सर्वांत महत्त्वाचं, मोरचूद नको. शिंपल्याच्या पिलांना तांब्याचा अंशही सोसत नाही. कारंजा-आष्टीकडच्या संत्राबागायतदारांच्या घरी बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद असतोच, आणि त्याच बादलीत शिंपल्याचं पाणी भरण्याचा मोह होतो. कपाशीवर मारलेल्या औषधाचा पंप जिथे धुतला जातो त्या ओढ्याचं पाणीही टाळावं. तसा पंप कुठल्या ओढ्यात धुतला जात नाही हे शोधायला लागाल तेव्हा ही पायरी वाटली त्यापेक्षा लांब आहे, हे कळेल.

पायरी ७ : शेततळ्यात मुक्काम

बाळ डोळ्यांना सहज दिसू लागलं की शेततळ्यात नेता येतं. सरकारी योजनेतून खोदलेल्या बऱ्याच तळ्यांना प्लॅस्टिकचं अस्तर असतं. पाणी जिरू नये म्हणून ते उत्तम. चिखलात पाय रोवू पाहणाऱ्यासाठी मात्र ती निसरडी फरशी. अशा वेळी जाळीच्या पेटीत रेती-गाळ भरून पेटी पाण्यात टांगावी.

आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, ही जमेची बाजू. शिंप घडवायला कॅल्शियम लागतं. पाणी हलकं हिरवं असावं. अगदी नितळ झालं तर समजा, लेकरं उपाशी आहेत. मग थोडं कुजलेलं शेण द्या. गडद हिरवं झालं तर पहाटे प्राणवायू संपतो. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात जातो तेव्हा तळं उथळ ठेवू नका, पेट्या खाली न्या आणि सावली करा.

शत्रू : मुग्धबलाक. चोच मिटली तरी मधे फट राहणारा हा करकोचा गोगलगायी आणि शिंपले खाण्यातच वाकबगार आहे. तो बांधावर मौन धरून उभा असेल तर पवनारच्या आश्रमातून आलेला साधक समजू नका.

पायरी ८ : लावणी

लावणी आई जिथून आणली त्याच नदीत करावी. दुसऱ्या खोऱ्यात नेऊन सोडलेला शिंपला आपल्याबरोबर रोगही नेतो. पुलावरून मूठभर भिरकावणं म्हणजे लावणी नव्हे. उथळ, संथ पाण्यात उतरा, पाय असलेली बाजू खाली आणि फटींची बाजू वर ठेवून एकेक शिंपला रेतीत टेकवा. पुढचं तो स्वतः करतो. दुसऱ्या दिवशी काही जण ठेवल्या जागेवरून सरकलेले असतील. हे शुभलक्षण आहे.

पायरी ९ : वाफा जागेवर आहे का, पाहा

भाताचा वाफा, मिरचीचा वाफा रात्रीतून नाहीसा होत नाही. शिंपल्याचा होऊ शकतो. नदीतली रेती ही शिंपल्याची जमीन आणि तीच आपल्या स्लॅबचा माल आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रेती भरताना शिंपले वेगळे काढले जात नाहीत. लिलाव झालेल्या घाटाजवळ लावणी करू नये. न झालेल्या घाटाजवळ करावी म्हणावं, तर तिथे रात्री चाकांच्या खुणा वाढतात. शेवटी रेती कमी आणि चिखल जास्त अशा, कुणालाच नको असलेल्या जागी लावणी करणं शहाणपणाचं. नकोशी जागा हेच सध्या सर्वांत पक्कं कुंपण आहे.

मोत्याचं काय?

इथवर उडी मारून आलेल्यांचं स्वागत. गोड्या पाण्यातली मोतीशेती खरी आहे. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंग येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने तिचं तंत्र बसवलं. आठ-दहा सेंटिमीटरचा शिंपला घेतात, दोन-तीन दिवस दाटीत ठेवून त्याचा स्नायू सैल करतात, आत केंद्रक किंवा गणपतीचा साचा बसवतात, दहाएक दिवस शुश्रूषा करतात आणि जाळीच्या पिशवीत घालून साधारण मीटरभर खोल पाण्यात टांगतात. बारा ते अठरा महिन्यांनी उघडतात. पलीकडे गडचिरोलीतही हे करणारे शेतकरी आहेत. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत याला जागा आहे.

प्रशिक्षणाच्या पत्रकात शिंपला किती रुपयांना, मोती किती रुपयांना आणि एकरी नफा किती, हे सगळं असतं. तो आठ सेंटिमीटरचा शिंपला आठ सेंटिमीटरचा कुठे झाला, हा रकाना नसतो. बहुतेक वेळा उत्तर एकच : नदीत. कुणी तरी वेचून आणला आणि पोत्यावर विकला. नर्सरी नाही, मासा नाही, चाळणी नाही. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला हे समजावायला नको. सरकी घरची होती तोवर शेतकरी बियाण्याचा धनी होता. पुडीवर आला तेव्हा काय झालं ते सर्वांना माहीत आहे. इथे तर पुडीही नाही. नदी फुकट बी पुरवते आहे तोवर ही शेती. ती थांबली की नुसती वेचणी होती, असं कळेल.

नेहमीच्या शंका

*हे सगळं मोठ्या प्रमाणावर कधी कुणी केलं आहे का?*
हो. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या मस्कटाइन गावी १८९१ पासून नदीतल्या शिंपल्यांच्या बटणांचा धंदा फोफावला आणि काही वर्षांत मिसिसिपीचा तळ रिकामा होऊ लागला. मग १९०८ मध्ये शेजारी फेअरपोर्ट येथे सरकारी केंद्र मंजूर झालं. तिथे माशांवर शिंपल्याची पिलं चढवून मासे नदीत सोडत. तंत्र जमलं. पण वेचणारे हात पिलांपेक्षा वेगवान होते. पुढे प्लॅस्टिकची बटणं आली आणि धंदाच बसला. आपण नुसती पायरी ५ करून थांबू नये, हा त्यातला धडा.

*पावसाळ्यात तळं भरून वाहिलं तर?*
शिंपले तळालाच असतात. वाहून जातील ते मासे. म्हणजे पुढच्या खेपेचं वाहन गेलं. सांडव्यावर जाळी लावा.

*शिंपला खाता येतो का?*
येतो, नदीकाठी खातातही. पण तो दिवसभर नदीचं पाणी गाळत असतो आणि त्या पाण्यात जे आहे ते त्याच्या अंगात उतरतं. नदी कुठून कुठून येते ते आधी आठवा.

*यात माझा फायदा काय?*
पाणी गाळलं जातं, तळाचा गाळ ढवळला जातो, पुढच्या मोतीवाल्याला वेचायला काही उरतं. सातबाऱ्यावर यातलं काहीच चढत नाही.

*प्रमाणपत्र मिळेल का?*
मिळेल. परीक्षा एका प्रश्नाची आहे : नदीतून किती काढले आणि नदीत किती लावले? दुसरा आकडा मोठा असलेला उमेदवार उत्तीर्ण. पहिला मोठा असलेल्याने फी भरून पुन्हा पायरी १ पासून यावं. फीची पावती मिळणार नाही. ती रक्कम माशांच्या खाद्याला जाते.